फळ्यावरची किल्ली

बबडे,

बोगद्यात उतरणाऱ्याने दाराजवळच्या फळ्यावरची आपली किल्ली सोबत न्यायची आणि ती परत लागेपर्यंत कण आदळवणारं यंत्र सुरू होत नाही, हे तूच सांगितलं होतंस. त्या दिवशी तू ती चुकून खिशात घेऊन निघालीस आणि वाटेत अपघातात गेलीस. तुझ्या साहेबांना मी दोन दिवस "किल्ली सापडत नाही" म्हणालो. यंत्राच्या लेखी तू अजून खालीच होतीस.

"बाबा, दुसऱ्या विश्वात तरी तुम्ही वेळेवर जेवत असाल," म्हणायचीस. त्याच विश्वाची खूण शोधायचं तुझं काम मी अडवून बसलो होतो.

आज किल्ली दिली. ती फळ्यावर लावून साहेब फोनवर म्हणाले, "खाली कोणी नाही. सुरू करा."

तुझे बाबा