सेहेचाळीसचे पाच सिनेमे

अहमदनगर,
बुधवार, ८ जानेवारी १९४७

प्रिय सत्यवान,

आई म्हणते, आता साखरपुडा झाला, पत्रात 'अहो' लिहीत जा. पण मिशनच्या एकाच आवारात वाढलेल्या माणसाला एकदम 'अहो' कसं म्हणू? आणि आजचं पत्र 'अरे' म्हणूनच लिहिता येईल. महिन्यावर लग्न आलंय, आणि तुझ्या शब्दावर विसंबावं की नाही, हेच मला कळेनासं झालंय.

तुझी यादी नाताळच्या आदल्या दिवशी मिळाली. दर शनिवारी पुण्यात सिनेमाला जातोस, तर सरत्या सालातले उत्तम पाच निवड, कारणं दे, असं मी सहज लिहिलं होतं. तू सात पानं पाठवलीस. पहिला 'उंबऱ्याची शपथ', मग 'अबोल सतार', 'वेशीवरची चौकी', 'सराईतला पाहुणा', आणि शेवटी 'नवऱ्याची सुट्टी', कारण म्हणे नुसतं हसवणारा सिनेमा घरी नेता येत नाही. यावर मला भांडायचं होतं. नाताळच्या गर्दीत भाकरी थापताना मी मनातल्या मनात क्रम बदलत होते. आमच्या घरी सिनेमाचं नाव निघत नाही. ते पाचही मी तुझ्या डोळ्यांनी पाहणार होते.

आता आधी माझा गुन्हा, म्हणजे तुला विचारताना माझे हात स्वच्छ असतील. मागच्या गुरुवारी शिवणाला जाते असं आईला सांगून मी बानूबरोबर 'उंबऱ्याची शपथ' पाहिला. बानू पलीकडच्या गल्लीतली. तिचे चाचा थिएटरच्या दारावर तिकिटं फाडतात, त्यामुळे तिचा एक सिनेमा चुकत नाही. जनान्यात आम्ही पुढे बसलो. तू लिहिलं होतंस, 'सुमती ही सहनशीलतेची मूर्ती. तिची सोशिक वृत्तीच या चित्राला पहिला क्रमांक मिळवून देते.' मी तिच्या सोसण्याची वाट पाहत बसले. मध्यंतरानंतर सुमतीनं मंगळसूत्र काढून उंबऱ्यावर ठेवलं आणि सासऱ्याच्या डोळ्यांदेखत घर सोडून गेली, ती परत आलीच नाही! सगळा जनाना उठून उभा राहिला. एक म्हातारी ओरडली, "जा बाई, मागं वळू नको!" सत्यवान, हे ज्यानं पाहिलं तो आधी हेच लिहील. तुझ्या दीड पानात याचा एक शब्द नाही.

मला वाटलं, पुरुषांना हा शेवट रुचला नसेल. तसं मी बानूला म्हटलंही. तिनं घरातल्या फळीवरून सिनेमांच्या गाण्यांची पुस्तकं काढली. तुला ठाऊकच आहेत ती, थिएटरच्या दाराशी मिळतात. आत गाणी असतात, आणि गोष्ट अर्ध्यावर आणून 'पुढे काय घडते ते पडद्यावर पाहा' म्हणून सोडलेली असते. मला शाळेआधी बाबांनीच घरी शिकवलं. चार शुभवर्तमानं शेजारी शेजारी ठेवून, कोणी काय सांगितलं आणि काय गाळलं, ते पेन्सिलीनं ओळीखाली रेघ मारून दाखवायचं, हा माझा पहिला धडा. तीच पेन्सिल मी तुझ्या पत्रावर चालवली. 'सहनशीलतेची मूर्ती' पुस्तकात आहे. 'करुणरसाचा महापूर' आहे. 'अबोल सतार'च्या नायकाला तू तिन्ही वेळा 'मानव' म्हटलंस. पुस्तकातही मानवच आहे. बानू हसत सुटली. "मानव कोन गं? माधव हाय तो! छापनाऱ्यानं घोळ घातलाय. समदा सिनेमाभर त्याची आई माधव, माधव म्हनून रडती." मग माझा चेहरा पाहून हळू म्हणाली, "दया, तुझ्या मालकानं सिनेमा न्हाई पाह्यला. पुस्तक पाह्यलंय."

तुझ्या पत्रातली पाचही परीक्षणं मी तपासली. पाचही मध्यंतराला थांबतात.

एवढ्यावरही मी हसले असते. वाग्दत्त वधूपुढे मिरवायला एखादा न पाहिलेले सिनेमे पाहिले म्हणेल, त्यात काय मोठंसं. पण तूच लिहिलंस की 'सराईतला पाहुणा' चौदा डिसेंबरला, शनिवारी, पहिल्या खेळाला पाहिला. त्याच शनिवारी माझा चुलतभाऊ अब्राहाम देवळातल्या बाजाच्या पेटीची दुरुस्ती करायला पुण्यात होता आणि दुपारी तुझ्या खोलीवर आला होता. दाराला कुलूप. घरमालकीणबाई त्याला म्हणाल्या, "मास्तर शनिवारी कधीच नसतात. सकाळच्या गाडीनं जातात ते सोमवारी शाळेच्या वेळेला उगवतात." अब्राहामनं हे नाताळच्या जेवणात गंमत म्हणून सांगितलं आणि मीही हसले. बाईंचा घोटाळा झाला असेल, म्हटलं. आता तसं वाटत नाही. गाडी कुठं जाते? तिकडे तुझी कोण वाट पाहतं? मनात जे येतं ते लिहायला हात धजत नाही. कदाचित मी तुझ्यावर मोठा अन्याय करते आहे. तसं असेल तर देव मला क्षमा करो, पण तू एक वर्षभर शनिवार लपवलेस, हे तर खरंच ना?

हे आजच लिहिण्याचं कारण सांगते. येत्या रविवारी देवळात आपल्या लग्नाची पहिली घोषणा व्हायची होती. कोणाची हरकत असल्यास कळवावी, असं तीन रविवार विचारायचं. काल मी बाबांना सगळं सांगितलं, माझ्या सिनेमासकट. ते सुमतीबद्दल म्हणाले, "परत आली नाही ना ती? बरं केलं." मग माझ्याबरोबर पाळकसाहेबांकडे आले. साहेबांनी विचारलं, घोषणा थांबवायची तर हरकत कोणाची लिहू? मी म्हटलं, माझी. तसंच लिहिलंय त्यांनी. तू या शनिवारी इथं ये. बाबांच्या समोर बस आणि गेलं वर्षभर कुठे जात होतास ते तोंडानं सांग. जे असेल ते मी ऐकून घेईन. पण पत्र पाठवू नकोस. पत्रात तू फार चांगलं लिहितोस.

शनिवारपर्यंत तरी तुझीच,
दया