बाबांनी मोजलेलं इंटरनेट

तीर्थस्वरूप ताई,

तुझ्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा आखडल्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच घातला आहे, उरलेला तू समजून घे). तुझी मान कशी आहे? भाऊजींचा खोकला? इकडे सगळे ठणठणीत आहेत. तुझी भावजय रोज तुझी आठवण काढते, विशेषतः माझं काही चुकलं की. फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. अगं, फोन वाजला की बाबा आधी स्पीकर लावतात आणि मग मला हाक मारतात. आणि हे त्यांच्या नकळतच सांगायचं आहे.

मागच्या खेपेला तू महिनाभर राहायला म्हणून आलीस आणि दुसऱ्याच दिवशी गेलीस, ते माझ्या मनातून अजून जात नाही. तू लॅपटॉपवर पोरांना भूमिती शिकवत होतीस, त्रिकोणाच्या दोन बाजू काढून झाल्या आणि नेट गेलं. (तिसरी बाजू त्यांना मिळाली का गं पुढे?) नेट सुधारल्याशिवाय या घरात पाऊल ठेवणार नाही, असं तू जिन्यात उभी राहून बजावलंस, ते पार वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. तेव्हापासून मी एकच ध्यास घेतला: नेट सुधारायचं आणि तुला परत आणायचं.

तेव्हा आपल्या गल्लीत कंपनी एकच होती, आणि तिचा तो वायरवाला, ज्याला आपण 'उद्या' म्हणतो, कारण तक्रार कुठलीही असो, तो उद्या येणार असायचा. त्याचा तोरा काय सांगावा! मी रस्त्यात नमस्कार केला तर तो मान वर करून आपल्या वायरींकडे बघत पुढे जायचा. पण दिवस फिरले. गल्लीत दोन नव्या कंपन्या आल्या. एकीचा माणूस लाल टोपीत, दुसरीचा निळ्या शर्टात. आपल्या दाराची बेल थांबेना. एक म्हणतो, कनेक्शन फुकट. दुसरा म्हणतो, कनेक्शन फुकट आणि वर छत्री. ताई, आयुष्यात माझी इतकी मनधरणी कुणी केली नव्हती (लग्नातसुद्धा नाही). मी हरखून गेलो आणि त्या भरात एक मोठी चूक करून बसलो. निवड बाबांवर सोपवली.

वजनमापं खात्यात उभी हयात काढलेला माणूस तो. त्यांना लांबून बघूनच दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे, हे तुला ठाऊकच आहे. लाल टोपीने दोनशेचा वेग सांगितला, तर बाबांनी विचारलं, "सपाट की शीग लावून?" बिचाऱ्याने हातच जोडले. मग बाबांनी नियम घालून दिला की माप विकणाऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही, गिऱ्हाईक बसतं तिथे बसून तपासायचं. झालं! दोघांनीही तपासणीपुरते आपापले राउटर लावून दिले आणि बाबा त्यांना फोन हातात देऊन घरभर फिरवू लागले. पलंगावर, ओट्याशी, कपाटात डोकं घालून. निळ्या शर्टाला न्हाणीघरात पाठवून बाहेरून दार ओढून घेतलं. तो आतून "साहेब, इथे तर भरपूर येतंय!" असं ओरडला, तेव्हा शेजारीण नेमकी दारात उभी होती. तिने तेव्हापासून आपल्याकडे बादली मागणं बंद केलं आहे.

बरं, माप भरलं तरी बाबा निकाल देईनात. कधी लाल टोपीचा आकडा डुगडुगतो, कधी निळ्या शर्टाचा राउटर कलता बसलाय. माझं डोकं फिरलं. शेवटी तुझी भावजय म्हणाली, "चिडचिड करण्यापेक्षा एकदा दुपारी घरी राहून बघा ना." राहिलो. तर काय, बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरलेली आणि बाबा, लाल टोपी, निळा शर्ट आणि (मी डोळे चोळून पाहिलं) आपला उद्या, असे चौघं बदाम सात खेळण्यात रंगलेले! कामाच्या वेळेत हे कसं, म्हणून विचारलं, तर दोघेही आपापल्या साहेबांना सांगतात म्हणे, गिऱ्हाईक जवळजवळ पटलंय. आणि बाबा असे खदाखदा हसत होते की मला क्षणभर परकेच वाटले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे म्हणून कुणी आलंच नव्हतं गं. आता एकाला हो म्हटलं की उरलेले गडी गेले. मला फार फार बरं वाटलं आणि तितकीच पंचाईतही झाली, कारण हा डाव माझ्याने मोडवत नाही आणि तुझ्याशिवायही करमत नाही.

भाऊजींना नमस्कार. काढा घ्यायला सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. एक सांगायचं राहिलं. नेट केव्हाच सुधारलं आहे. लाल टोपी आपल्या जिन्यात दिसली मात्र, 'उद्या' त्याच दिवशी न बोलावता हजर झाला आणि जुनी कुजकी वायर काढून नवी कोरी टाकून गेला. त्यानंतर नेट एकदाही गेलेलं नाही. तेव्हा आता सबब नको, ये.

आणखी एक. खरं मागणं हेच की आलीस तरी बाबांसमोर नेटचं कौतुक करू नकोस. रोज थोडं नाक मुरड, म्हणजे निवड लांबेल. आणि हे पत्र वाचून फाडून टाक.

चि. ताईस बाबांचे आशीर्वाद. हे पत्र पेटीत टाकायला तुझ्या भावाने माझ्याच हाती दिलं (हुशार आहे). लावलेल्या तिकिटाच्या मानाने हाताला जड लागलं, म्हणून उघडून तपासलं. नाक मुरडायची गरज नाही. कंपनी बदलणार नाही, हे मी तिघांनाही केव्हाच सांगून टाकलं आहे; ते पत्त्यांसाठीच येतात. तुझ्या भावाला तेवढं सांगितलं नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही. येताना पत्त्यांचा नवा कॅट आण. आपल्यातली नेमकी बदामची सत्ती हरवली आहे आणि तिच्या जागी आम्ही तुझ्या भावाचा फोटो लावून खेळतो. तू धरून आम्ही पाच, आणि पाच जणांत पत्ते सारखे वाटले जात नाहीत, दोन उरतात. उभ्या नोकरीत मी मापात कुणाला सूट दिली नाही. ते दोन तू घे.