करपेवाडीचे गरम पाणी: इतिहास व आकर्षणे

१८ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ३.
माळावर गरम पाण्याचा झरा सापडला. मला. दगडांच्या बेचक्यातून बोटभर धार. हात घातला तर कढत.
अडतीस वर्षं सांगलीत आवक-जावक टेबलावर काढली. रिटायर होऊन जत तालुक्यातल्या या ओसाड करपेवाडीत परत आलो, तेव्हा ऑफिसातले हसले. आता हसा म्हणावं.
गोदावरीला सांगितलं. ती गुडघ्यांना तेल चोळत होती. म्हणाली, बरं.

१९ फेब्रुवारी, बुधवार.
संकल्प: रोज पहाटे पाचला झऱ्याचं तापमान घेणे.
उठलो पावणेआठला. धार नव्हती. अकराला आली. म्हणजे झराही माझ्यासारखाच, उशिरा उठणारा.
घरात तापाचाच थर्मामीटर आहे. तो बेचाळीसच्या पुढे जात नाही. झरा जातो, असा माझा अंदाज.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.
ज्ञानदाचा फोन. आईला सांगलीला पाठवा, गुडघे दाखवू, इथे लिफ्ट आहे. लेक असून लिफ्टचं कौतुक मला सांगते.
गोदावरीकडून पाडव्यापर्यंत मुदत घेतली. तोवर गावात पर्यटन सुरू झालं नाही तर तिने खुशाल जावं. मी राहणार. तत्त्वाचा प्रश्न आहे.
ती नसताना कसं होईल ते बघावं म्हणून चहा करून पाहिला. टाकून दिला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.
झरा कालपासून बंद. डोकं दुखतंय.
शेजारचा धुळा आला होता. माळापलीकडे त्याची डाळिंबाची बाग आहे. म्हणाला, आण्णा, ह्या हप्त्याला रातपाळी हाय, झोपंचं खोबरं. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हे रडगाणं गावात सगळेच गातात. मी विज्ञानाच्या विचारात, हा लाइटीच्या. वाटेला लावला.

३ मार्च, सोमवार.
झरा परत आला! सोमवारी गेला, सोमवारी आला. म्हणजे हे महादेवाचं काम. इतिहासाचा प्रश्न आपोआप सुटला.

६ मार्च, गुरुवार.
माहितीपत्रक लिहायला घेतलं. मसुदा असा:
इतिहास: वनवासात पांडव येथे आले होते. (पुरावा नाही. पण आले नव्हते, याचाही नाही.)
आकर्षणे: एक, गरम पाण्याचा झरा. दोन, वाळवंट. (वाळू नाही, मुरूम आहे. पण शहरातल्या माणसाला वाळवंट म्हटलं की बरं वाटतं.) तीन, बंद पडलेली दगडखाण. तिला दरी म्हणावं. चार, सूर्यास्त. रोज.
पाचवं सुचेना. झोपलो.

१२ मार्च, बुधवार.
झऱ्याची सुट्टी चालू आहे. अपेक्षितच होतं.
धुळाची काळी पाइप विहिरीपासून दोन किलोमीटर माळावरून उन्हात पसरली आहे, आणि नेमकी झऱ्याला खेटून जाते. शोभा जाते. तिच्यावर दगड रचून घेतले. धुळाने स्वतःच उचलले, मी जागा दाखवली. कंबर धरली माझी.
जाताना म्हणाला, खालच्या दोन सरीस्नी पाणी पोचंना, फुलं गळाय लागल्यात. मी म्हटलं, अरे, डाळिंबात काय ठेवलंय, पर्यटनात ये. तो बागेकडे निघून गेला. दूरदृष्टी सगळ्यांना नसते.

१८ मार्च, मंगळवार.
धार असली की गोदावरी पहिल्या आठवड्यापासून दुपारी झऱ्यावर पाय सोडून बसते. आज परत येताना काठी हातात होती, टेकली नव्हती.
पर्यटकांची नोंद सुरू केली. आजवर: १.

१९ मार्च, बुधवार.
उद्घाटन उद्या. मी पत्र धाडून बोलावलेले पर्यटनवाले साहेब तीनला येणार. फळीवर बोर्ड रंगवला. भाषण पाठ करणार होतो, पण थकवा आहे. आयत्या वेळी सुचेल.

२० मार्च, गुरुवार. संध्याकाळ.
लिहावंसं वाटत नाही. पण नियम म्हणजे नियम.
साहेब आले. नारळ फुटला. धार जोरात होती. साहेबांनी हात घातला आणि म्हणाले, वा! मी भाषणात पांडवांवर आलो होतो. एवढ्यात धार बारीक झाली. मग थेंब. मग तेही नाही.
साहेबांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, महादेवाची इच्छा.
मागून म्हातारी मनुबाई म्हणाली, लाइट गेली जणू.
तेवढ्यात एक पोरगं पळत आलं, डीपी जळाली म्हणून. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दगडांकडे. वरचा एक दगड पायाने सरकवला. खाली पाइप. पाइपचा जॉइंट सुटलेला.
साहेब सभ्य माणूस. चहा घेऊन गेले.

२१ मार्च, शुक्रवार.
दिवसभर पडून.
धुळा आला, जॉइंट बसवू का विचारायला. स्वतःची पाइप, आणि मला विचारतो. मी म्हटलं, तुला कधी कळलं? म्हणाला, पैल्याच दिवशी. पर काकी पाय शेकत्यात, त्यास्नी बरं वाटतंय, म्हून ऱ्हाऊ दिलं.
दोन सऱ्या गेल्या त्याच्या.
गोदावरीला विचारलं. तिला पाइप आहे हे दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. मग बोलली का नाहीस? म्हणाली, रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही हाक मारायच्या आत जेवायला येत होतात. डाळिंबाचं मात्र तिला माहीत नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं.
लाज वाटली. इथे खोटं कशाला लिहू, वाचणार कोण.

२३ मार्च, रविवार.
जॉइंट बसवला. मी पाइप धरली. धुळा म्हणाला, घट धरा आण्णा. धरली. तळहात सोलवटले.
बोर्ड त्याने मागून घेतला. मोटारीच्या स्टार्टरवर छप्पर म्हणून बरा आहे. ‘आकर्षणे’ हा शब्द शेळ्यांच्या बाजूला येतो.

३० मार्च, पाडवा.
गुढी उभारली. ज्ञानदा गाडी घेऊन आली. गोदावरीने दोन बॅगा भरल्या होत्या. मी म्हटलं, गुडघ्यांसाठी दोन कशाला? दुसरी उघडून पाहिली. माझे शर्ट.
तत्त्वाचा प्रश्न होता. गाडीत पुढे बसलो.

२ एप्रिल, बुधवार. सांगली.
लिफ्ट बंद आहे. जिने चढून दम लागला. कुणाला बोललो नाही.
ज्ञानदाकडे गीझर आहे. चोवीस तास गरम पाणी. इतिहास: मागच्या दिवाळीत बसवला.
शर्टाच्या घडीत थर्मामीटर सापडला. मी ठेवला नव्हता.
गोदावरी बादलीत पाय सोडून बसली होती. म्हणाली, मापा की.
एक्केचाळीस. नोंद केली.