ज्ञानेश सुरतेस असतो

दि. २ ऑगस्ट १९९८, रविवार

आज मनमाड सोडून नाशिक मुक्कामी आलो. प्रवास सुखाचा झाला. मखमलाबाद रस्त्यावर बहिरूभाऊंच्या मळ्यात दोन खोल्या भाड्याने मिळाल्या आहेत. खोल्या कोरड्या व हवेशीर. दारासमोर झेंडू, मागे मेथी आणि कोथिंबीर. मनमाडास पाण्यावाचून जन्म गेला. येथे नळ सोडताच पाणी येते याचे फार कौतुक वाटले. मंडळी आमच्याच समाजाची. बहिरूभाऊ सकाळी फुले घेऊन गंगेवरच्या (गोदावरीस येथे गंगाच म्हणतात) बाजारात जातात. पत्नी कलाबाई बोलक्या आहेत. एकुलती मुलगी भाग्यश्री, वय वर्षे वीस, अंगणात हार गुंफते व गुंफताना सतत गुणगुणते. सर्वांनी मला आल्याबरोबर नाना म्हणावयास प्रारंभ केला. जेवणास गरम भाकरी व पिठले आले.

कलाबाईंनी मुलेबाळे विचारली. मी सांगितले, पत्नी वारली. एक मुलगा आहे, ज्ञानेश. सुरतेस गिरणीत असतो, त्याला रजा मिळत नाही.

हे खरे नाही. येथे एकदा लिहितो, पुन्हा लिहिणार नाही. ज्ञानेश वैशाखात रेल्वेच्या रुळावर गेला. त्याच रुळांची निगा राखणाऱ्या गँगचा मी मुकादम होतो. लोक भेटावयास येत, हळहळत, आणि उठताना एकच विचारीत, की अपघात झाला की आपण होऊन. मला उत्तर ठाऊक नाही. ठाऊक असते तरी दिले नसते. दहावाही केला नाही, कारण त्या दिवशी सारे गाव जमते. दहाव्यासाठी लोक लांबून नाशिकला येतात. मी तो टाळून नाशिकला आलो आहे. मला विसरावयाचे आहे. अन्य इच्छा नाही.

दि. १६ ऑगस्ट, रविवार

प्रकृती ठीक. येथील लोक चौकशी फार करतात, परंतु मायेने. ज्ञानेश उंच किती, स्वभाव कसा, खाण्यात काय आवडते. खोट्यास तपशील लागतो, तो मी खऱ्यातूनच घेतला. चहा बिनसाखरेचा घेतो, असे सांगितले. कलाबाई म्हणाल्या, मग बायको काटकसरीची मिळो न मिळो, साखर तरी वाचेल. सर्व हसले. मीही हसलो. त्याच्याविषयी असे बोलताना बरे वाटते, हे ध्यानात आले.

दि. २८ ऑगस्ट, शुक्रवार

निवृत्तिवेतनासाठी बँकेत गेलो होतो. दुपारी परतलो तो कलाबाई दारातच उभ्या. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो. "नाना, तुमचं पोरगं येऊन गेलं की. लय गुणाचं हाय. चहा बशीत ओतून प्यायला, डाव्या हातानं. म्हटलं थांब, नाना येतीलच, तर म्हणे घाई हाय."

तो डावखुरा होता, हे मी कोणासही सांगितले नव्हते.

गणपतीचे दिवस, हारांची घाई. म्हणून त्याने भाग्यश्रीस एक हार अर्धा गुंफून दिला, असेही कळले. कोणी तोतया असावा. पोलिसात जावे असे मनात आले. परंतु तेथे काय सांगावे लागेल, हे लगेच उमगले. गेलो नाही.

रात्री गाढ झोप लागली. वैशाखानंतर प्रथमच.

दि. ८ सप्टेंबर, मंगळवार

पितृपक्ष सुरू झाला. कलाबाई सासऱ्यांचे पान ठेवणार आहेत. त्यांनी विचारले, नाना, तुमच्याकडचे कोणी असेल तर त्यांच्याही नावाने घास ठेवते. मी आईवडील व पत्नी यांची नावे दिली. कलाबाई आणखी क्षणभर थांबल्या. मी आणखी नाव दिले नाही.

तो दोघांनी गुंफलेला हार भाग्यश्रीने खुंटीला टांगला आहे. तिने गुंफलेली फुले काळी पडून गळाली. त्याने गुंफलेली ताजी आहेत. मी नाकाशी धरून पाहिली. त्यांना वास नाही.

दि. १७ सप्टेंबर, गुरुवार

तो पुष्कळदा येऊन जातो, मी घरी नसलो म्हणजे. बहिरूभाऊ थट्टा करतात. "नाना, पोरगं आमच्या नशिबात हाय, तुमच्या नाय. तुम्ही चपला घातल्या की ते येतं." मी आता रोज दुपारी बाहेर पडतो. काम काही नसते. गंगेवर बसतो व परत येतो. परतलो म्हणजे आत कोठे काही दुखत नाही.

वैशाखातल्या त्या सकाळी त्याच्या अंगावर कोणता सदरा होता, ते आज आठवेना. पुष्कळ वेळ प्रयत्न केला. मग समाधान वाटून प्रयत्न सोडला.

दि. २५ सप्टेंबर, शुक्रवार

बहिरूभाऊ टोपी घालून, रीतसर, माझ्या खोलीत आले. भाग्यश्रीचा हात ज्ञानेशला द्यावयाचा म्हणतात. मुलीची पसंती आहे. मुलास विचारले, तो म्हणाला, नाना म्हणतील तसे. ते म्हणाले, असा बापाच्या शब्दातला मुलगा आजकाल कोठे मिळतो.

तेथेच बोलावयास हवे होते. विचार करून कळवितो, असे म्हणालो. कलाबाईंनी लाडू आणला. खाल्ला.

दि. १ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

भाग्यश्रीने आज उकळत्या डाळीचे पातेले चुलीवरून नुसत्या हातांनी उतरविले. दोन्ही तळवे फोडांनी भरले. ती ओरडली नाही. मी विचारले तेव्हा म्हणाली, नाना, काहीच वाटत नाही. आणि हसली. आई म्हणते, लग्नाच्या ओढीने मुलीचे मन ठिकाणावर नाही.

ती गुणगुणत नाही. केव्हापासून, ते मी पाहिले नाही.

मलाही काही वाटत नाही. परंतु मी ते मागितले होते. तिने मागितले नव्हते. उद्या सांगतो.

दि. ४ ऑक्टोबर, रविवार

मळ्यात जाऊन बहिरूभाऊंना गाठले. वाक्य घोकून गेलो होतो. तोंड उघडले आणि निघाले ते असे, की माझी संमती आहे. त्यांनी मला मिठी मारली. साखरपुडा पुढच्या रविवारी.

मी असे बोलणार नव्हतो.

दि. ८ ऑक्टोबर, गुरुवार

कलाबाईंना सांगावयास गेलो. वैशाख की चैत्र, ते — रुळावर कोणी तरी गेले होते. गर्दी होती. मी गर्दीत उभा होतो. कोणाचा मुलगा म्हणून सारे माझ्याकडे —

भाग्यश्री जेवत नाही. तिच्या तळव्यांवरचे फोड तसेच आहेत. फुटत नाहीत, सुकत नाहीत.

दि. १० ऑक्टोबर, शनिवार

रामकुंडावर गेलो. दहावा करून टाकावा, म्हणजे तो सुटेल आणि मुलगी वाचेल. गुरुजींनी मृताचे नाव विचारले. मी उभा राहिलो. मागे रांग होती. ते समजुतीने म्हणाले, बाबा, नाव आठवले की या.

नाव ठाऊक होते. मृताचे म्हणून ते तोंडातून —

दि. ११ ऑक्टोबर, रविवार

अंगणात मांडव आहे. माणसे आली आहेत. मी आज बाहेर गेलो नाही. तरीही तो आला. खिडकीतून दिसतो. पाटावर बसला आहे. उंच. भाग्यश्री शेजारी. दोघे हलत नाहीत.

बोलणे होत नाही, म्हणून लिहितो. कागद बहिरूभाऊंच्या हाती देईन. त्यांना वाचता येते.

पाटावरून उठला. इकडे येत आहे —

आत आला. विचारतो, नाना, काय लिहिता. आवाज लहानपणी होता तसा. विचारतो, वैशाखापासून मी कोठे आहे, नाना. विचारले तर कोणी सांगत नाही. एकट्याला भीती वाटते. म्हणून ती सोबत येणार म्हणते.

त्याला कोणी सांगितलेलेच नाही. सांगावयाचे ते मीच —

खांद्यावर हात ठेवला. वजन नाही. फार बरे वाटते. इतके बरे कधी —

बाहेरून अंगठीसाठी बोलावीत आहेत. तो निघाला. भाग्यश्रीने हात पुढे केला आहे.

बहिरूभाऊ, मुलीला आत घ्या. अंगठी घालू देऊ नका. कारण असे की, माझा मुलगा —

कारण असे की —