बॅटऱ्यांपुढची झाडी आणि क्लेमचं पत्र्याचं दार

प्रिय लेनदादास,

धाकट्या बेरिलचा नमस्कार. केर्न्सच्या दमट हवेत तुझा गुडघा कुरकुरत असणारच. तरी मासे पकडायला जातोस असं वहिनी फोनवर म्हणाल्या, म्हणजे दुखणं सोयीनं येतं-जातं म्हणायचं. इकडे मी ठणठणीत, मेंढ्याही ठणठणीत.

माझ्या आणि शेजारच्या क्लेमच्या जमिनीच्या मधोमध वीज साठवायच्या बॅटऱ्यांचं केंद्र आलं, तेव्हा मी कसं रान उठवलं होतं, आठवतं ना? सकाळचा चहा घ्यायला बसावं तर समोर पांढऱ्या लोखंडी खोक्यांच्या रांगा! गावच्या सभागृहात सभा झाली, अध्यक्ष मी (सँडविचही मीच केली होती). शेवटी कंपनीनं माझ्या बाजूनं झाडांचा पडदा लावायचं कबूल केलं. क्लेमनं तक्रारच केली नाही, म्हणून त्याच्या बाजूला एक रोपही नाही. ट्रेंट नावाचा झाडांचा साहेब सायप्रसच्या झाडांचा आराखडा घेऊन आला. मी म्हटलं, "बाळा, इथल्या मातीतलं लाव. वॅटल, शीओक, बॉटलब्रश." त्यानं ऐकलं. मध्ये एक फट ठेवली होती, "बेरिलबाई, नजर जरा लांब जायला." मी म्हटलं, "नजर जायचीय कुणाला? एक खोकं दिसता कामा नये. बुजव!" त्यानं बुजवली. पहिली रांग कांगारूंनी फस्त केली, तर दुसरीला मी स्वतः पाणी वाहून घातलं. हौसेला मोल नाही.

आता क्लेमचं सांगते. आमचे हे गेल्यापासून माझा आणि त्याचा एक रिवाज आहे. सकाळी मी अंगणातल्या कपडे वाळवायच्या फिरत्या दोरीवर पिवळा टॉवेल टाकते आणि पलीकडच्या चढावर क्लेम शेडचं पत्र्याचं दार उघडतो. ते उन्हात चकाकतं. म्हणजे दोघंही रात्रीतून टिकलो. याबद्दल आम्ही कधी अवाक्षर काढलं नाही (रोज फोन करून 'आहेस ना रे?' विचारणं बरं दिसत नाही). पण ते दार दिसल्याशिवाय माझ्या घशाखाली टोस्ट उतरत नाही, हे खरं.

यंदा वॅटलनी असं अंग धरलं आणि असा पिवळाधमक फुलोरा आला, की काय सांगू! आणि गेल्या मंगळवारी दार चकाकलंच नाही. झाडांचा विचारसुद्धा मनात आला नाही, काळजाचं पाणी झालं. नाइटगाऊनवर गमबूट चढवले आणि गाडी काढली. केंद्राच्या फाटकापाशी वळते तो समोरून क्लेम, पायजम्यात, एका पायात बूट, शेजारच्या सीटवर औषधाची पेटी! माझ्या बंपरनं त्याच्या गाडीचा दिवा फोडला.

"अगं, तू जिवंत आहेस?" तो ओरडला.

"मी? तूच गेलास म्हणून आले!"

"मग टॉवेल कुठे होता?"

"जागच्या जागी! तुझं दार कुठे होतं?"

एवढ्यात रखवालदार धावत आला. "बेरिलबाई, पुन्हा आंदोलन? आणि या कपड्यांत?"

मग आम्ही तिघांनीही झाडांकडे पाहिलं. त्या झाडीपलीकडचं दार मला आणि पिवळ्या फुलांआडचा पिवळा टॉवेल त्याला कुठून दिसणार! मी क्लेमला दुसरा बूट न घातल्याबद्दल झापलं.

ट्रेंटला फोन केला, तर म्हणतो, आराखडा मंजूर आहे, शिवाय फांद्यांत पक्ष्यांची घरटी आहेत, आता एक डहाळीही तोडता येणार नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. तेव्हा तुझी लांब दांड्याची करवत गुपचूप पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझी,
बेरिल

ता.क. करवत नको. क्लेमला दुसरा उपाय सुचलाय: दोघांनी पडद्याच्या एकाच बाजूला राहायचं. हे त्यानं चहात बिस्किट बुडवताना सांगितलं. बिस्किट विरघळून गेलं तरी कपातच बघत होता.

आणखी ता.क. मी हो म्हटलंय. भांडण फक्त कुणाच्या घरी यावर झालं. त्याची म्हातारी कुत्री आंधळी आहे, नव्या घरात भिंतींवर आपटेल, म्हणून मीच जाते आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी लग्न आहे, कोट घेऊन ये, माझा हात धरून न्यायला वडीलधारं कुणी हवं. सभागृह तेच, सँडविचही माझीच. आणि क्लेमच्या व्हरांड्यातून सगळीच्या सगळी खोकी उघडी दिसतात. हसलास तर गुडघ्यावर मारीन.