पिवळ्या शिडीचा फिनिश

काका, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता शेडमधल्या निम्म्या लोकांनी तुम्हाला पाहिलेलंही नाही. त्यांना तुमच्याबद्दल सांगते तेव्हा ते माना डोलावतात, पण विश्वास ठेवत नाहीत. पेणहून एसटीने रोह्याला त्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा माझाही बसला नसता. तुम्ही तिथले फोरमन, आणि मी नवा डिप्लोमा घेऊन आलेली, कुठल्या मालाला कोणतं पावडर कोटिंग द्यायचं ते कागदावर लिहून खाली सही करणारी. फवारणीची गन चालू झाली की रंगाची पूड धुरासारखी निघायची, टांगलेल्या लोखंडाकडे ओढली जायची आणि वळसा घालून मागच्या बाजूलाही बसायची. पुस्तकात वाचलेलं होतं तरी मी आ वासून बघत राहिले. भट्टीतून निघालेली सॅम्पलची पाटी तुम्ही ट्यूबलाइटखाली तिरकी धरता, तिच्यात उमटलेल्या ट्यूबची कड कितपत सरळ दिसते ते बघता आणि म्हणता, "जाड बसलाय." मी जाडी मोजायचा मीटर लावते. मीटरही तेच म्हणतो. वर्षभर मी हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं, एकदा तरी तुमची फजिती व्हावी म्हणून. झाली नाही.

गिऱ्हाईक चकचकीत की मॅट, गुळगुळीत की दाणेदार असा घोळ घालत बसायचं आणि तुम्ही मध्येच विचारायचात, "याला हात कुणाचा लागणार?" दवाखान्याची खाट असली तर गुळगुळीत, कारण ती रोज पुसणाऱ्या बाईचे हात भरून येतात. गॅरेजातल्या अवजारांच्या गाड्याला दाणेदार, कारण त्यावर नट आवळायचे पाने आपटणार आणि ओरखडे लपायला हवेत. एकदा धरमतरच्या जेट्टीवर बसवायच्या पेट्यांना मी हौसेने दाणेदार सुचवलं, तर तुम्ही पाटीवरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "या दाण्यांत खाडीचं खारं बसून राहील गो. पावसानं धुवून जाईल असा दे." हे सगळं बोलणाऱ्या माणसाच्या गडब गावातल्या घराचं फाटक मात्र जन्मभर गंजलेलं होतं. त्यावरून मी तुम्हाला चिडवायची आणि तुम्ही सांगायचात की ते शेतातनं येणाऱ्या म्हशीसाठी आहे, तिची काही तक्रार नाय.

मग शिड्यांचं काम आलं. एका रसायनांच्या कारखान्याच्या टाक्यांना लावायच्या उंच लोखंडी शिड्या होत्या. मी फिनिश लिहिला गुळगुळीत, चकचकीत पिवळा. लांबून दिसतो, काही सांडलं तर फडक्याने निघतं, आणि आमच्या मालकांनाही पाटी फार आवडली. पुस्तकाप्रमाणे माझी एकही चूक नव्हती. निम्मा माल भट्टीतून बाहेर आला होता आणि तो इतका देखणा दिसत होता की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते. तुम्ही आलात, एका पायरीवर तळहात ठेवलात आणि एक शिडी उचलून शेडमागच्या पाण्याच्या टाकीला बांधायला लावलीत. बादलीभर साबणाचं पाणी तिच्यावर ओतलंत. गमबूट आणि रबरी हातमोजे माझ्यापुढे टाकलेत.

"चढ गो."

"मी? काका, मी कशाला?"

"सही कुणाची हाय?"

मी चढले. तिसऱ्या पायरीवर बूट सटकला, हनुवटी वरच्या पायरीवर आपटली आणि मी खाली चिखलात बसले. दोन टाके पडले ते नंतर. त्या क्षणी मला दुखण्यापेक्षा भलतंच कळत होतं: या शिड्यांवर माणसं चढणार होती, पावसात, ओल्या हातमोज्यांनी, आणि त्यांच्या खाली चिखल नसणार होता.

तुम्ही मला उठवलंत, हनुवटीला रुमाल धरायला दिलात आणि दुसरी शिडी बांधलीत. त्याआधीच, जेवणाच्या सुट्टीत, तुम्ही ती गुपचूप करून घेतली होती, उभे पाइप गुळगुळीत आणि पायऱ्या खरखरीत दाणेदार. तिच्यावरही तेवढंच साबणाचं पाणी ओतलंत आणि स्वतः चढायला लागलात. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, एक गुडघा कायमचा सुजलेला, आणि तुम्ही एकेक पायरी पाय आपटून बघत वर निघालात. सगळी शेड बाहेर येऊन उभी राहिली होती. मी हनुवटीला रुमाल दाबून तुमची एकेक पायरी मोजत होते. तुम्ही अगदी वरपर्यंत गेलात, टाकीच्या झाकणावर थाप मारलीत आणि तसेच सावकाश उतरलात.

"आता मालकाला जाऊन सांग," म्हणालात. "मी नाय सांगणार."

मी सांगितलं. मालक खूप ओरडले. पायऱ्या घासून पुन्हा कोट करण्यात चार दिवस गेले, पण शिड्या गेल्या त्या तुमच्या पद्धतीच्या. माझी नोकरीही टिकली.

आज तुमच्या जागी मी आहे. आमच्याकडून एकही शिडी किंवा पायरी साबणाचं पाणी ओतून, चढून बघितल्याशिवाय बाहेर जात नाही. गिऱ्हाइकं त्याला मॅडमची टेस्ट म्हणतात आणि मी ते म्हणू देते. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून पुढचंही लिहिते. गेल्या आठवड्यात नव्या मुलीने गमबूट घालता घालता विचारलं, "मॅडम, तुम्ही पहिल्यांदा चढलात तेव्हा भीती वाटली होती का?" मी म्हटलं, "छे गं, सरळ वरपर्यंत गेले." ती हसली आणि माझ्या शब्दावर चढून गेली.

काका, त्या दिवसानंतर मी एकाही शिडीवर पाय ठेवलेला नाही. दुसऱ्यांना चढवते आणि खाली वही घेऊन उभी राहते. मला अजून भीती वाटते.