हेगडालची जमीन मऊ होईपर्यंत

हेगडाल, मिनेसोटा
रविवार, २६ एप्रिल

आदरणीय हालवरदादा यांना,

ऑर्लिनचा मनापासून नमस्कार, बेवर्लीवहिनींनाही सांगावा. तुमच्या गुडघ्यानं हिवाळ्यात फार त्रास दिला नसेल अशी आशा आहे. (चाकांवरच्या घरात राहण्याचा एक फायदा, की त्याला जिना नसतो.) तिकडे ॲरिझोनात ऊन भरपूर असेल. हे मी विचारत नाही, हेव्यानं लिहितो आहे. माझी तब्येत ठीक आहे. जेवण वेळेवर होतं. चर्चच्या बायकांनी जानेवारीपासून भट्टीत भाजलेल्या हॉटडिशची इतकी भांडी आणून दिली आहेत की फ्रीझरचं झाकण बसत नाही. सगळ्यांत वर बटाट्याचा थर आणि सगळ्यांत खाली, भांड्याच्या बुडाला, चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. ती भांडी ज्याची त्याला परत करत हिंडणं हाच सध्या माझा व्यायाम आहे.

तुम्ही फोनवर विचारलंत, की आपल्या सिग्नीच्या दफनावरून टीव्हीवर जे चाललंय ते नेमकं काय, एकदा सरळ सांग. फोनवर मला सरळ बोलता येत नाही. गावात असतानाही येत नव्हतं आणि तुमची बहीण न्यायमूर्ती झाल्यावर तिच्याबरोबर वॉशिंग्टनमध्ये एकोणीस वर्षं काढूनही आलं नाही. म्हणून लिहितो. आधी एवढंच सांगतो, की माझी इच्छा पहिल्यापासून एकच होती: सिग्नीला तिच्या आईवडिलांशेजारी, आपल्या पाचसहा माणसांनी, एक भजन म्हणून ठेवावं आणि मग चर्चच्या तळघरात बसून कॉफी प्यावी. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात असू द्यावं, कारण बाकीच्यांच्या ते लक्षात राहिलेलं नाही.

ती नऊ जानेवारीला गेली. दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयात तिच्या खुर्चीवर काळं कापड घातलं, आणि त्याच दिवशी सिनेटमध्ये फ्लोरिडाचे सिनेटर प्रुइट उभे राहिले. हे राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचे. विरोधकांनी आधीच ओरड सुरू केली होती, की न्यायमूर्तींचा देह थंड व्हायच्या आत तुम्ही त्यांच्या जागी आपला माणूस बसवायला निघालात. प्रुइटना ते लागलं. (माणूस तसा मनानं वाईट नाही, फक्त बोलायला उभा राहिला की बसायचं विसरतो.) छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "न्यायमूर्ती सिग्नी ऑस्टलुंड मातीत विसावेपर्यंत या सभागृहात त्यांच्या जागेसाठी कुणाचंही नाव उच्चारलं जाणार नाही. हा माझ्या पक्षाचा शब्द आहे." सगळे उठून उभे राहिले. विरोधी पक्षाच्या सिनेटर डेलुकाबाईंनी तर डोळे पुसले. प्रुइटच्या हिशेबानं मातीत विसावणं म्हणजे येत्या मंगळवारी, फार तर बुधवारी. फ्लोरिडात फावडं मारलं की वाळू निघते.

मंगळवारी वॉशिंग्टनमधली प्रार्थना झाली. नंतरच्या चहापाण्याला प्रुइटनी माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "मग ऑर्लिन, दफन उद्या ना?"

"नाही, मे महिन्यात," मी म्हणालो.

त्यांनी माझे हात सोडले नाहीत, पण त्यातला जोर गेला. "कुठल्या मे महिन्यात?"

"आमच्याकडे जमीन गोठलेली असते. वितळली की खणतात. तोवर पेटी टेकडीतल्या दगडी खोलीत ठेवायची."

"ह्याच वर्षीच्या मे महिन्यात ना?" असं त्यांनी फार हळू विचारलं. तेवढ्यात मागून डेलुकाबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मला मिठी मारली, आणि दादा, त्या मिठीतलं दुःख खरं होतं की आनंद, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

त्या दिवसापासून देशात न्यायाधीश कोण हवा हा प्रश्न मागे पडला आणि हेगडालची जमीन किती खोल गोठली आहे हा प्रश्न पुढे आला. मी काउंटीच्या जमीनमोजणी खात्यात अडतीस वर्षं काढली, पण माझ्या कामात कुणी रस घेतला नव्हता. आता वर्तमानपत्रांतून माणसं चर्चच्या आवारात येऊन बर्फ उकरू लागली. (यंदा पाच फूट आठ इंच. मी स्वतः मोजलं. त्यांनी सहा छापलं. मला ते आवडलं नाही.) प्रुइट दर सोमवारी फोन करत. "जमीन कशी आहे?" हे आधी, आणि मग आठवण झाल्यावर, "आणि तुम्ही?" मी दोन्हींचं एकच उत्तर देत असे, की अजून घट्ट.

फेब्रुवारीत त्यांच्या पक्षानं एक मोठा ट्रक पाठवला. त्यावर जमीन तापवायचं यंत्र होतं. तीन दिवस ते पेटवून ठेवलं की कुठलीही जमीन लोण्यासारखी होते, असं ट्रकबरोबरचा माणूस सांगत होता. आपला पामर हाउगेन (अजूनही सगळ्या कबरी तोच खणतो, पंच्याहत्तर पूर्ण झाली) ट्रकच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. सत्त्याऐंशी साली दुसऱ्या चर्चमध्ये असलं यंत्र आणलं होतं, तेव्हा शेजारच्या कबरीवरची प्लॅस्टिकची फुलं पेटली आणि एंगब्रेटबाईंचा दगड उभा चिरला, हे तुम्हाला आठवत असेल. पण पामरनं त्यातलं काही सांगितलं नाही. तो एवढंच म्हणाला, "सिग्नी शाळेत माझ्या शेजारी बसायची. तिला घाई केलेली खपत नसे." आणि ते खरंच होतं. ती निकाल फार सावकाश देते अशी दोन्ही पक्षांची एकोणीस वर्षं तक्रार होती. शेवटच्या आठवड्यात तिनं मला जे काही सांगितलं त्यात घटनेबद्दल एक शब्द नव्हता. यंत्राबद्दल होता. "पामरला म्हणावं, मला शेकोटी नको."

मग सिनेटच्या समितीनं पामरला साक्षीला बोलावलं. तो वॉशिंग्टनला जायला तयार नव्हता, म्हणून गावच्या वाचनालयात पडदा लावून त्याला त्यासमोर बसवलं. मी मागच्या बाकावर होतो.

"हाउगेनसाहेब," प्रुइट म्हणाले, "जमीन मऊ कधी होते?"

"झाली की."

"अंदाजे?"

"अंदाजे मी खणत नाही."

मग डेलुकाबाई पुढे झुकून गोड आवाजात म्हणाल्या, "म्हणजे काका, निसर्गाला घाई करणं हा मृत व्यक्तीचा अपमान आहे, असंच तुम्हाला म्हणायचंय ना?"

"मला घरी जायचंय, बाई. कुत्रा गाडीत आहे."

समितीनं ही साक्ष एकशे दहा पानी अहवालात छापली. डेलुकाबाईंनी त्यावर जे भाषण केलं ते खरोखर चांगलं होतं. वसंताचा धीर, मातीची प्रतिष्ठा, प्रत्येक ढेकळाला असलेला आपला वेळ, असं बरंच काही. मला त्या वेळी वाटलं, की निदान एका बाजूला तरी आमचं दुःख कळलं आहे. (मी हे चर्चमध्ये बोलूनही दाखवलं. त्याची आता लाज वाटते.)

कारण मार्चमध्ये ते माशांचं प्रकरण निघालं. प्रुइटच्या पक्षाचा उमेदवार कोण हे नाव न उच्चारताही सगळ्यांना ठाऊक होतं: न्यायाधीश गेल. ते दोन वर्षांपूर्वी आपल्याच भागात मासेमारीला आले होते. कुणीतरी फोटो काढून आणला. मर्यादा माणशी सहा वॉलाय माशांची आणि साहेबांच्या दोरीला तेवीस. वर त्यांनी वनरक्षकाला सांगितलेलं, की जास्तीचे माझ्या मेहुण्याचे आहेत. मेहुणा त्या दिवशी कॅन्ससमध्ये होता. गेलसाहेबांनी घटनेबद्दल आजवर काय काय लिहिलं आहे ते मिनेसोटात कुणी वाचलं नव्हतं. मासे मात्र सगळ्यांनी मोजले. (दादा, मेहुण्यावर ढकलण्याबद्दल तुम्हाला काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे. मी तुमच्या नावावर आजवर फक्त एकदा दोन मासे सांगितले, आणि तेव्हा तुम्ही निदान नावेत होतात.)

झालं, एका आठवड्यात वारं फिरलं. प्रुइटना आता वेळ हवा होता, लोक मासे विसरेपर्यंत. डेलुकाबाईंना घाई झाली, मासे ताजे आहेत तोवर मतदान घेऊन गेलना पाडायला. सोमवारी फोन वाजला तो डेलुकाबाईंचा. "ऑर्लिनकाका, जमीन कशी आहे?" आणि त्याच दिवशी टीव्हीवर प्रुइट डोळ्यांत पाणी आणून वसंताचा धीर आणि मातीची प्रतिष्ठा सांगत होते. ढेकळाचा वेळसुद्धा आला. मी डेलुकाबाईंचं भाषण काढून समोर ठेवलं आणि पेन्सिलीनं ओळीओळीवर खुणा केल्या. प्रुइटनी फक्त दोन विशेषणं बदलली होती. चर्चसमोर तो यंत्राचा ट्रक फेब्रुवारीपासून उभाच होता. तोच ट्रक, तोच माणूस. तो पामरला म्हणाला, "आता मला दुसरे लोक फोन करतात, बाकी काम तेच." पामरनं त्याला कॉफी दिली आणि पुन्हा ट्रकपुढे जाऊन उभा राहिला.

यात कबरीशेजारी कुणी यावं हे मला कुणीच विचारलं नाही. एप्रिलच्या सुरुवातीला दोन्ही पक्षांनी मिळून (हे एकच त्यांनी मिळून केलं) गुरुवार चौदा मे, सकाळी अकरा, अशी वेळ ठरवली. पुढच्या रांगेत तीस खुर्च्या, पंधरा या बाजूला, पंधरा त्या. पहिली मूठ माती कुणी टाकायची यावर आपल्या चर्चच्या पास्टरबाईंच्या स्वयंपाकघरात चार तास वाटाघाटी झाल्या. शेवटी सारख्या लांबीची दोन फावडी आणून दोघांनी एकाच वेळी टाकायची असं ठरलं. पास्टरबाईंनी विचारलं, "आणि ऑर्लिननं?" तर दोन्हींकडचे लोक कागद चाळू लागले. शेवटी मला तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची मिळाली आहे. तिथून निघायला सोपं जाईल, असं त्यांनी समजावून सांगितलं.

तर असं चाललंय. मी या सगळ्यात काही बोललो नाही. मला राजकारणातलं कळत नाही आणि मी त्यात कधी पडलोही नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. गुडघ्याला जपा, वहिनींना नमस्कार.

तुमचा
ऑर्लिन

ता. क. हे पत्र वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवत असाल तर इथे थांबा. गुरुवारी पामरनं त्याची लांब लोखंडी पहार घेतली आणि तुमच्या आईवडिलांच्या दगडाजवळ, दक्षिणेच्या उताराला, घातली. ती मुठीपर्यंत आत गेली. त्यानं पुन्हा काढून दुसरीकडे घातली. तिथेही गेली. मग ती पुसून ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पेपरवाल्यांना सांगितलंय, अजून वेळ आहे." शनिवारी, दोन मेला, सकाळी सहा वाजता आम्ही सिग्नीला ठेवतो आहोत. पामर, पास्टरबाई, तिघी शेजारणी आणि मी. तुम्ही दोघं आलात तर आठ होतील. वडिलांच्या वेळी वापरलेलं तुमचं लांब दांड्याचं फावडं घेऊन या. चाकांवरच्या घरातून येऊ नका, त्याच्या मागे तुमच्या पक्षाचं चित्र खिडकीएवढं आहे, लांबूनच ओळखू येतं. भाड्याची साधी गाडी करा. आणि वहिनींना नेब्रास्का ओलांडेपर्यंत कारण सांगू नका. मला त्या फार प्रिय आहेत, पण त्यांना फोनही फार प्रिय आहे.

आणखी एक. तुम्ही विचाराल, मग चौदाचं काय? चौदाला ते येतील. त्यांना मी सांगेन, की झालं. म्हणजे प्रुइटनी दिलेला शब्द बारा दिवस आधीच पुरा झालेला असेल आणि ते बारा दिवस दोघंही जमिनीवरून भांडत असतील. यात नुकसान कुणाचं होईल हे मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. जमलं नाही. सिग्नीला जमलं असतं, आणि ती बराच वेळ हसली असती.

शेवटचं. वर लिहिलं आहे की मी राजकारणात कधी पडलो नाही. ते खोटं आहे. एक्केचाळीस वर्षं मी प्रुइटच्या पक्षाला मत देत आलो आणि तुमची बहीण दुसऱ्या पक्षाला. दर निवडणुकीला आम्ही एकाच गाडीतून हेगडालच्या टाउन हॉलमध्ये जात असू, पुढे वॉशिंग्टनहून खास येऊनसुद्धा. वाटेत ती म्हणायची, "ऑर्लिन, दोघंही घरी बसलो तरी निकाल तोच." मी म्हणायचो, "मग तू बस." "आधी तू." कुणीच बसलं नाही. एकमेकांचं मत कापून झालं की कॅफेत जाऊन ‘रूबार्ब पाय’ हा आंबटगोड पदार्थ एकच मागवून दोघांत खायचा. येत्या तीन नोव्हेंबरला माझं मत कापायला कुणी नाही, आणि ते तसंच मोकळं सोडायला मला बरं वाटत नाही. तुम्ही तिच्यासारखंच मत देता. दर वर्षी ऑक्टोबरात ॲरिझोनाला जाता. यंदा तीन नोव्हेंबर करून जा. (बेवर्लीवहिनी तुमचं मत कापतात हे मला माहीत आहे. त्यांना आठवडाभर आधी पुढे पाठवता आलं तर बघा.) गाडी मी चालवीन. शेजारची सीट अजून सिग्नीच्या मापाची, पार पुढे ओढलेली आहे. तुमच्या गुडघ्यासाठी ती मी मागे सरकवीन.